साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ आणि सासूबाईंचा वर्ताळा

आमच्या घरात मीठ साठ ग्रॅमच्या खाली उतरत नसे. जगातल्या झाडून साऱ्या पुस्तकांत सोडियम क्लोराइडचा एक मोल साडेअठ्ठावन्न ग्रॅम भरतो. दिग्रसजवळच्या आमच्या गावात, आमच्या ओसरीवर, माझ्या सासूबाईंच्या हातून मात्र तो साठच भरायचा. तिथं तुम्ही इलेक्ट्रॉनिक काटा नेऊन ठेवला असता, शेजारी एखादा विलायती शास्त्रज्ञ बसवला असता, तरी सासूबाईंनी नुसतं डोळ्यांनी पाहिलं की काटा ओशाळून साठावर गेला असता.

मी वाढवून सांगते असं आमचे हे म्हणतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ते यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत, शनिवारी घरी येतात आणि रविवार झोपून काढतात. झोपलेल्या माणसाला काय दिसणार? उरलेला आठवडा मी पाहिला आहे, आणि पाहिला त्यातला निम्माच सांगते. निम्माच एवढा भरतो, त्याला मी काय करू?

तर ही गोष्ट सासूबाईंच्या केमिस्ट्रीच्या पेपरची.

सासूबाई बारावी सायन्सला होत्या तेव्हाच त्यांचं लग्न झालं. पुस्तकं माहेरी राहिली आणि त्या इकडं कापूस, तूर, सोयाबीन यांच्या राज्यात आल्या. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मी सून म्हणून उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. मला ओवाळताना कोणीतरी म्हणालं, "सून बी.एस्सी. केमिस्ट्री हाय बरं." सासूबाईंच्या हातातलं ताट थांबलं. त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते पाहणं सासूचं नव्हतं. भर उन्हाळ्यात तहानलेल्या माणसानं हापशीकडं पाहावं, तसं होतं.

त्यांना गावात मेडिकल काढायचं होतं. आमच्या गावात किराणा तीन ठिकाणी मिळतो, सुपारी-तंबाखूचा खर्रा मिळतो, मोबाइलचं रिचार्ज मिळतं. तापाची गोळी मिळत नाही. ताप आला की माणूस एस.टी.ची वाट पाहतो, आणि एस.टी. अशी आहे की तिची वाट पाहून ताप कंटाळतो आणि आपणच उतरतो. न कंटाळणारा ताप असला तर दिग्रस गाठायचं. सासूबाईंना हे बघवत नव्हतं. पण मेडिकलला परवाना लागतो, परवान्याला डी.फार्म. लागतं, डी.फार्म.ला बारावी सायन्स लागते. त्यांनी मुक्त शाळेतून फॉर्म भरला आणि बाकीचे सगळे विषय पहिल्या दमात काढले. जीवशास्त्रात तर बेडकाला स्वतःबद्दल जेवढं माहीत नसेल तेवढं त्यांनी लिहिलं. राहिली फक्त केमिस्ट्री.

त्या पहिल्या यशाच्या भरात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रस्त्याकडच्या खोलीची भिंत फोडून तिला हिरवं शटर बसवून टाकलं. केमिस्ट्री अडकली आणि शटर बंद राहिलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय मंग, कवा उघडून राह्यलं?"

त्यात शेजारी चुलत सासू. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, दिग्रसला मोबाइल दुरुस्ती शिकून आलेला. त्याला त्याच खोलीत दुकान हवं होतं. आठवड्यातून एकदा तो टेप घेऊन यायचा आणि बंद शटरची रुंदी मोजून जायचा, जणू मागच्या आठवड्यापासून ते वाढलं असेल. शेवटी मामाजींनी एक दिवस जेवताना निकाल दिला.

"या खेपेले पेपर निंगाला तं मेडिकल. नाई निंगाला तं खोली पुतण्याले देतो. शटर रिकामं ठेवून लोकायची तोंडं कवरोक पाहू?"

सासूबाईंनी मामाजींच्या ताटात न मागता आणखी एक भाकर टाकली, वर तुरीचं वरण ओतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऊठ वं. पुस्तक आण."

मी आधी नावांपासून सुरुवात केली, कारण नावं सोपी. आम्ही ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की सोडियम क्लोराइड होतं. धातूचं नाव आधी, ते जसंच्या तसं. दुसऱ्याचं नाव मागून, आणि त्याच्या शेवटी 'आइड'.

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "सोडियमचं नाव तसंच राह्यते?"

"हो."

"अन् क्लोरीनचंच बदलते?"

"हो, आई."

"काहून?"

मी पाच वर्षं केमिस्ट्री शिकले. हा प्रश्न मला ना सुचला ना कुणी विचारला. मी म्हटलं, "समजा, लग्न झालं त्यायचं."

सासूबाई हसायलाच लागल्या. त्यांचं नाव लग्नात बदललं होतं. ताटातल्या तांदळात मामाजींनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव त्या तांदळाबरोबर कुठल्याशा खिचडीत शिजून गेलं. "म्हंजे इथं बी तेच!" त्या म्हणाल्या. "नवरा जसाच्या तसा, अन् बायकोले शेपूट लावा. कोणं ठरवलं हे?"

"माणसायनंच ठरवलं असन."

"असनच!"

पण त्या क्षणापासून नावं त्यांच्या डोक्यात अशी बसली की पुन्हा उठली नाहीत. ऑक्सिजन सासरी गेला की ऑक्साइड, सल्फर गेलं की सल्फाइड, नायट्रोजन गेला की नायट्राइड. लोखंडापुढं कंसात दोन किंवा तीन का लिहायचं, हे मी समजवायला तोंड उघडलं तर त्यांनीच मला समजावलं: "लोखंड हाय न, ते माहेरी एक वागते अन् सासरी एक. म्हून कोणत्या घरी हाय ते सांगा लागते." सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट ही तर एकत्र कुटुंबं. ती कुठंही गेली तरी सगळी मिळूनच जातात, लग्नाला असो की मातीला. म्हणून दोन-तीन सल्फेट आले तर कंस घालून आकडा कंसाबाहेर लिहायचा, म्हणजे तो घरातल्या सगळ्यांना लागू. आणि दोन संयुगांनी आपापल्या जोडीदारांची अदलाबदल केली, तर ते साटंलोटं. आमच्या भागात साटंलोटं कळत नाही असा माणूस नाही. यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची मुलगी यांच्या घरी. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइडची सोयरीक सासूबाईंनी मला अशी समजावली की मला तळाशी बसणारा पांढरा साका दोन्ही मांडवांच्या मध्ये बसलेला दिसायला लागला.

एकच भांडण झालं, ते मॅग्नेशियम क्लोराइडवरून. त्यात क्लोरीन दोन असतात, मग नावात दोन का म्हणायचं नाही?

"कार्बन डायऑक्साइडात म्हणता न दोन?" सासूबाई म्हणाल्या.

"तिथं दोघंही अधातू. त्यायचा नेम नाई. कधी एक असते, कधी दोन. म्हून सांगा लागते. मॅग्नेशियमचं ठरलेलंच हाय, त्याले दोनच लागते."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाल्या, "म्हंजे शेजारच्या काकूले 'दोन सुनायवाली' म्हना लागत नाई. सगळ्याइले मालूम हाय."

चुलत सासू तेव्हा कुंपणाला टेकून आमचा अभ्यास ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "आयकून राह्यली मी! सून शिकवते अन् सासू शिकते. कलियुग आलं बापा!"

"तुया दोन सुना हायेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यायच्यापासून काई शिकली असती तं तू बी डायऑक्साइड झाली असती."

पंधरा दिवसांत नावांचा रोग गल्लीभर पसरला. बायका नळावर एकमेकींना संयुगांनी हाका मारायला लागल्या. आमच्या बैलाला 'मँगनीज' म्हटलं की तो थांबायचा आणि 'डायऑक्साइड' म्हटलं की चालायला लागायचा. आमचे हे म्हणतात, बैल तसाही थांबायचा आणि चालायचा. म्हणू देत.

नावं झाली. मग गणितं आली आणि आमच्या घरावर साठ ग्रॅमचं संकट कोसळलं.

मोल म्हणजे अणुरेणूंची खंडी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. धान्य जसं खंडीनं मोजतात, तसे हे न दिसणारे दाणे मोलानं मोजायचे. आणि कुठल्या पदार्थाच्या एका मोलाचं वजन किती, ते बेरीज करून काढायचं. मी सासूबाईंना सांगितलं की एका मोलात सहाशे दोनवर एकवीस शून्यं एवढे दाणे असतात.

"कोणं मोजले?"

"एकेक करून कोणीच नाई मोजले. हिशेबानं काढले."

"वर्ताळा धरून की सोडून?"

इथं मी पुस्तक मिटलं.

वर्ताळा माहीत नसेल त्याला सांगते. आमच्याकडं धान्य मोजून देताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजायचं आणि शेवटचं माप टाकून झालं की ओंजळभर वरून घालायचं. तो वर्ताळा. तो मोजण्यात धरत नाहीत, पण तो दिल्याशिवाय देणं पुरं होत नाही. तोलूनमापून काट्यावर देणारा माणूस आमच्याकडं गरीब नव्हे, दळिद्री समजला जातो. सासूबाई तर वर्ताळ्याच्या बाबतीत साऱ्या तालुक्यात नावाजलेल्या. त्यांच्याकडं पायलीभर तूर मागायला आलेला माणूस येताना एक पिशवी आणि जाताना बैलगाडी घेऊन जातो.

तर सोडियम तेवीस, क्लोरीन साडेपस्तीस. सासूबाईंनी सुंदर बेरीज केली, साडेअठ्ठावन्न काढले आणि खाली उत्तर लिहिलं: साठ.

"आई, साडेअठ्ठावन्न."

"हो न. तेवढेच आले."

"मंग साठ काहून?"

"साडेअठ्ठावन कोणी देते का वं? दीड ग्रॅमासाठी कायले मन लहान करा?"

सल्फ्युरिक ॲसिड अठ्ठ्याण्णव आलं, त्याचे त्यांनी शंभर केले. दोनासाठी ॲसिडाला नाराज करायचं नव्हतं. कॅल्शियम कार्बोनेट मुळातच शंभर भरतं. ते पाहून त्या म्हणाल्या, "हा पाह्य. हा भल्या घरचा दिसते." मागच्या परीक्षेत नेमकं हेच झालं होतं. सगळी रीत बरोबर, सगळ्या पायऱ्या बरोबर, आणि प्रत्येक उत्तराला वर ओंजळभर वर्ताळा. तपासणाऱ्याला शून्य देताना किती रडू आलं असेल, याची मला कल्पना आहे.

मी म्हटलं, ठीक आहे, चूक आपोआप उघडी पडेल. मी गणित घातलं: एकशे सतरा ग्रॅम मीठ म्हणजे किती मोल? सासूबाईंनी एकशे सतराला त्यांच्या साठनं भागलं. एक पूर्णांक पंच्याण्णव आले. "एक पंच्याण्णव? हट्! दोन लिही," असं स्वतःलाच म्हणत त्यांनी दोन लिहिले. पुस्तकात उत्तर पाहिलं. दोन.

"पाह्य," त्या म्हणाल्या.

मी हादरले. दोन वर्ताळ्यांनी एकमेकांना पोटात घातलं होतं. मी सल्फ्युरिक ॲसिड आणलं: नऊ पूर्णांक आठ ग्रॅम म्हणजे किती मोल? त्यांनी शंभरनं भागून शून्य पूर्णांक शून्य नऊ आठ काढले, त्यालाही उदार हातानं शून्य पूर्णांक एक केलं. पुस्तकातही शून्य पूर्णांक एक. मामाजी तिथं दाढी करत बसले होते. ते आरशातून म्हणाले, "सूनबाई, तुयं पुस्तक तं बरोबर हाय न?"

त्या दिवशी माझ्या डिग्रीनं भिंतीवर उलटं तोंड केलं. पण संध्याकाळी चुलीपुढं बसल्याबसल्या मला उमगलं की भागताना वर्ताळा लपतो, गुणताना लपत नाही. मी तिथूनच ओरडले, "आई, अडीच मोल मिठाचं वजन काढा!"

सासूबाईंनी भाकर थापताथापता तोंडी सांगितलं, "दीडशे."

"पुस्तकात एकशे सेहेचाळीस पूर्णांक पंचवीस हाय."

भाकर थापणारे हात थांबले. त्यांनी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "पावणेचार ग्रॅम जास्त गेलं."

"आणि उद्या मेडिकलमध्ये बसाल तेव्हा? लहान लेकराच्या औषधात पावणेचार ग्रॅम जास्त गेलं तं?"

हे मी सहज बोलले, पण भाकर उलटायची राहून गेली. भाकर करपली. आमच्या घरात सासूबाईंच्या हातून करपलेली ती पहिली भाकर. मामाजींनी ती निमूट खाल्ली. म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक घेऊन बसल्या. साडेअठ्ठावन्न काढले. लिहायला पेन टेकवला आणि हात तिथंच अडला. अक्षरशः. मी खोटं सांगत नाही. त्यांच्या हाताला 'साडेअठ्ठावन्न' लिहिताच येईना. पन्नास वर्षांच्या आसपासच्या हाताची सवय ती. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. "मले दळिद्री झाल्यासारखं वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांची त्यांनीच तोड काढली. त्या आत गेल्या आणि ज्वारीचं टोपलं घेऊन आल्या. साडेअठ्ठावन्न लिहिलं, लगेच मूठभर ज्वारी अंगणात फेकली आणि सुस्कारा सोडला. "झालं. आकड्यात नाई, भायेर देल्ला. देणं तं पुरं झालं न?"

त्या दिवसापासून प्रत्येक उत्तराला एक मूठ. अंगणात चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, आणि कुंपणाखालून चुलत सासूच्या कोंबड्या आल्या. आठ दिवसांत त्या कोंबड्यांना वेळ कळायला लागली. मी पुस्तक उघडलं की ओळीनं येऊन बसायच्या. पंधरा दिवसांत त्या एवढ्या माजल्या की परत जाताना कुंपणाखालून मावेनात. त्यांच्यासाठी चुलत सासूला कुंपणाचे काटे उचलावे लागले.

"माया कोंबड्या तुमच्याच घरी राहून राह्यल्या!" ती भांडायला आली. "काय खाऊ घालता त्याइले?"

"मोल," सासूबाई म्हणाल्या.

"सांगून ठेवते, अंडे माये हायेत!"

"अंडे तुये, कोंबड्या तुया. पण वजन काढू नको. गणित माया हातचं हाय."

चुलत दीर आईच्या मागं टेप घेऊन उभा होताच. त्यानं विचारलं, "काकू, खरंच निंगन का पेपर? नाई म्हंजे, मले काचेच्या काउंटरची ऑर्डर द्या लागते."

"दे न ऑर्डर," सासूबाई म्हणाल्या. "मेडिकलले बी काचेचंच काउंटर लागते."

परीक्षेचं केंद्र यवतमाळला. आम्ही दोघी दिग्रसहून एस.टी.नं निघालो. खिडकीशी सासूबाई, मांडीवर पुस्तक, ओठांत पुटपुट. दारव्हा येईपर्यंत त्यांनी साऱ्या बसची संयुगं केली. कंडक्टर निष्क्रिय वायू, कारण तो कोणात मिसळत नव्हता. पुढच्या सीटवरचं भांडणारं जोडपं अस्थिर. माझ्या शेजारी तीन माणसांची जागा अडवून झोपलेला बाप्या शिसं. लोहाऱ्याच्या थांब्यावर आमचे हे उभे होते. त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली आणि पेढ्याचा पुडा दिला. "आई, घाबरू नको," असं म्हणताना त्यांचाच आवाज असा कापत होता की सासूबाईंनी त्यांनाच पेढा भरवला.

केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत पालकांची गर्दी होती. एक बाई माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "माझा मुलगा आत आहे. तुमचं कोण?"

"सासू."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसल्या.

पेपर सुटला. पोरं धावत बाहेर आली, पोरी आल्या, आणि सगळ्यांत शेवटी पदर सावरत, एखाद्या लग्नाची पंगत उठवून आल्यासारख्या सासूबाई आल्या. मी धावले.

"मीठ आलतं का?"

"आलतं न."

"किती मांडलं?"

"साडेअठ्ठावन."

मी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. "खरंच? साठ नाई?"

"तुई शप्पथ. समदी गणितं काट्यावर. एक दाणा इकडं नाई का तिकडं नाई." मग त्या जरा घुटमळल्या. "पण वर्ताळा तं द्या लागला न कुठीतरी. तिथं कोंबड्या थोड्याच होत्या!"

मी मिठी सोडली. "काय केलं, आई?"

"गणितायचा प्रश्न होता. कोणतेही पाच सोडवा म्हणे. सहा होते. म्या सहाही सोडवले."

लिंबाचं झाड माझ्याभोवती एकदा फिरून जागेवर आलं. "मंग वेळ पुरला?"

"नावायचा प्रश्न शेवटी ठेवलता. त्यातले दोन-चार राह्यले. लोखंडाचं राह्यलं." त्या अपराधी चेहऱ्यानं म्हणाल्या, "ज्याचं माहेर-सासर म्या तुले सांगतलं, तेच राह्यलं."

जी नावं त्यांना झोपेत येत होती, ती सोडून त्यांनी न मागितलेलं गणित सोडवलं होतं. मी रागवायला तोंड उघडलं, तर त्या पुढं म्हणाल्या, "आणखीन एक. त्या पहिल्या पाचातल्या एकात म्या उलटं भागलं वाटते. भायेर येताना ध्यानात आलं." परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात गुण जोडत बसले आणि सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या. उरलेला पेढ्याचा पुडा कंडक्टरला देऊन झाला होता.

त्यानंतर निकालापर्यंत घरात कोणी शटरचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी शेत पाहिलं, कपाशीच्या पऱ्हाटीला पाणी दिलं, चुलत सासूशी रोजचं भांडण वेळेवर केलं. रस्त्याकडच्या खोलीच्या दारापुढून मात्र त्या जायच्या नाहीत; मागच्या दारानं वळसा घालून जायच्या. ते पाहून मला कसंतरी व्हायचं. मामाजींनाही होत असावं, कारण चुलत दीर टेप घेऊन आला की हल्ली तेच त्याला बाहेरच्या बाहेर चहा पाजून पिटाळायचे.

निकाल मोबाइलवर लागायचा होता. घरात माझा एक फोन, आणि तो आमच्या गावात निंबाच्या झाडावर चढलं तरच चालतो. गावात नीट नेट पकडणारा फोन एकाचाच: चुलत दिराचा. ज्याला खोली हवी होती त्याच्याच हातात निकाल. दुपारी अख्खी गल्ली ओसरीवर जमली. तो मधोमध पाटावर बसला. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या.

"काकू, सर्व्हर बसला."

"उठव त्याले," मामाजी म्हणाले.

"उठून राह्यला… उठला… आता नंबर मांगून राह्यला." सासूबाईंनी परीक्षेचा नंबर तोंडपाठ सांगितला. दिरानं बोटानं दाबला. फोनकडं पाहत राहिला. त्याचा चेहरा एवढा लांब झाला की आरशात पाहिलं असतं तर दोन आरसे लागले असते. मला वाटलं, गेलं. सासूबाईंनी चौकट सोडली.

"काय हाय रे?" चुलत सासू ओरडली. "सांग न मेल्या!"

"काकू," तो म्हणाला, "पास हायेत तुमी."

"काठावर का?" मी विचारलं.

"काठाच्या जरासं वर."

ते जरासं वर कुठून आलं, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं, तपासणारा भला होता, त्यानं सहाही गणितं तपासली आणि त्यातली चांगली पाच धरली, म्हणून उलटं भागलेलं सुटलं. सासूबाईंचं म्हणणं, त्यात भलेपणा कसला, देणाऱ्यानं मनापासून दिलं की घेणारा नीट मोजतो. मामाजी म्हणतात, दोघी गप बसा. पण त्या वेळी सासूबाई खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकून एवढ्या हसल्या की आम्हाला वाटलं रडतायत, मग खरंच रडल्या, तेव्हा वाटलं हसतायत.

मामाजी उठले. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि चुलत दिरापुढं धरली. त्याला वाटलं, खोली त्यालाच दिली. त्याचे डोळे चमकले.

"चाल, शटर उघडू लाग," मामाजी म्हणाले. "लय दिवसाचं बंद हाय, एकट्याच्यानं निंगायचं नाई."

ते निघेचना. पावसानं गंजलं होतं, मातीनं बसलं होतं. दीर लटकला, मामाजी लटकले, मी खालून नेट लावला. शेवटी चुलत सासू पदर खोचून आली. "सरका, बायको माणसाचं काम हाय हे," म्हणत तिनं खांदा लावला, आणि ते शटर असं कडकडत वर गेलं की दिग्रसच्या कापूसबाजारात बैल उधळले, असं तिकडून आलेल्या माणसानं मला स्वतः सांगितलं.

आत रिकामी खोली. कोपऱ्यात सिमेंटची दोन रिकामी पोती आणि एक पाल. सासूबाई हळूहळू आत गेल्या. जिथं काउंटर येणार तिथं, मागच्या बाजूला, भिंतीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. रस्त्यावर गर्दी वाढत होती. पोरं, म्हातारे, पाणी घेऊन जाणाऱ्या बाया, सगळे थांबून आत पाहत होते.

चुलत सासू खांदा चोळत पुढं झाली. "घे, उघडलं तुयं मेडिकल. खांदा मोडला माया. एक गोळी दे पाहू दुखण्याची."

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, रिकाम्या भिंतींकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं.

"दोन वर्षं थांब," त्या म्हणाल्या. "पयले ॲडमिशन तं होऊ दे."